उचल की वेठ?

नांदेडलगतच्या विष्णुपुरीस हल्ली कशाची वाण राहिलेली नाही. गोदावरी अडवून केलेला, शंकरराव चव्हाणांचे नाव लाभलेला मोठा जलाशय तेथे आहे. नदीचे पाणी उपसून उंचावरच्या शिवारात चढविणारे पंप आहेत. अभियांत्रिकी कॉलेज आहे, सरकारी वैद्यकीय कॉलेज आहे, आणि 1994 सालच्या 17 सप्टेंबरपासून स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठही आहे. एवढे पाणी व एवढी विद्या एके ठिकाणी नांदत असता, तेथून दहा-पंचवीस कोसांवरील लोहा, कंधार, मुखेड ह्या तालुक्यांतल्या वाड्यातांड्यांवरचे लोक दसरा उलटला की बिऱ्हाड ट्रकवर टाकून कोल्हापूर-सांगलीकडे नाही तर कर्नाटकात ऊस तोडावयास का जातात, ह्याचा विचार विद्यापीठाने करावा तसा आमच्या पुढाऱ्यांनीही करावा.

पाऊस दगा देतो म्हणून जातात, हे उत्तर सर्वांच्या तोंडी तयार असते. ते खोटे नाही, पण पुरतेही नाही. माणूस दसऱ्यास गाव सोडतो खरा. परंतु तो विकला गेलेला असतो आषाढ-श्रावणात. घरात दाणा नसतो, पोरीचे लग्न अंगावर आलेले असते, कोणी दवाखान्यात पडलेले असते. अशा वेळी मुकादम दारी येतो आणि उचल देतो. पैसा कारखान्याचा, तो वाहतूकदाराच्या हातून मुकादमाकडे व मुकादमाकडून मजुराकडे येतो, आणि प्रत्येक हाताला त्यातले काही चिकटते. मजुराला पावती नाही. कारखान्याच्या हजेरीपटावर त्याचे नाव नाही. नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात, एकटा असेल तर 'अर्धा कोयता'. मनुष्यास हत्याराच्या नावाने मोजण्याची ही रीत ज्याने काढली त्याच्या बुद्धीची आम्हांस कीव येते! पहाटेपासून राबून हे जोडपे दीड-दोन टन ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीत भरते; आजारपणाने बसले तर खाडा कापला जातो. हंगामाअखेर हिशेब होतो तो मुकादमाच्या वहीत. बाकी निघालीच तर ती पुढील सालाच्या उचलीत मिळवितात.

आमच्या जुन्या वाचकांस ह्यात ओळखीचे काही दिसेल. निजामाच्या राज्यात, विशेषतः तेलंगणाकडे, 'भगेला' नावाची चाल होती. सावकार-देशमुखाकडून थोडे कर्ज घ्यावे आणि ते फिटेतो, म्हणजे बहुधा मरेतो, त्याच्या घरी राबावे. 1936 साली खुद्द निजाम सरकारास ह्या करारांना आळा घालण्याचा कायदा करावा लागला. निजामाचे राज्य 1948 मध्ये गेले. वेठबिगारी नष्ट करण्याचा कायदा 1976 मध्ये दिल्लीने केला. भगेला निदान आपल्या गावात राबत असे. उचल घेणारा परमुलखात नेला जातो, एवढाच काय तो पालट झाला.

आणि हे परमुलखात नेणेच धन्याच्या फायद्याचे आहे. विष्णुपुरीच्याच जलाशयाकडे पाहा. तेथे तराफ्यांवरून चोरून वाळू उपसणारे मजूर पुष्कळदा बिहार-उत्तर प्रदेशांतून आणलेले असतात. महसूल खात्याची धाड पडली की तराफे जळतात, धनी मात्र क्वचितच सापडतो. येथे मजुरी नाही म्हणून आमचे लोक बाहेर जातात म्हणावे, तर बाहेरचे मजूर येथे कशास आणले? कारण परका मजूर नाही म्हणू शकत नाही. त्याला येथे भाऊबंद नाही, मत नाही, रेशन नाही. आमचा कंधारचा माणूस कोल्हापुरात असाच परका. 2020 च्या मे महिन्याच्या 8 तारखेस, टाळेबंदीत जालन्याच्या पोलाद कारखान्यातून घरी निघालेले मध्य प्रदेशचे 16 मजूर करमाडजवळ रुळांवर झोपेत मालगाडीखाली सापडले, तेव्हा परकेपणाची किंमत सर्वांनी पाहिली व लवकरच विसरली.

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी 1884 साली मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवून साडेपाच हजारांच्या सह्यांचा अर्ज केला आणि 1890 मध्ये रविवारची सुटी मिळविली. तेही कामगार कोकण-घाटावरून आलेले परकेच होते. पण गिरणीला फाटक होते. फाटकाशी उभे राहिले की हजार माणूस भेटे. ऊसतोड्याचे फाटक रोज बदलते. म्हणूनच त्याच्या वाट्याला वाटाघाटी येतात त्या पुढाऱ्यांच्या. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती चांगलीच झाली; पण ती उचलीत किती जिरली हे मुकादमाची वहीच जाणे.

आता कटु बोलतो. आमच्या चळवळीने शेटजी-भटजींवर टीका केली ती योग्यच होती. परंतु 1950 साली प्रवरेस सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यापासून ह्या धंद्याची सत्ता मोठ्या अंशी आमच्याच बहुजनांच्या हाती आली. चेअरमन आमचा, वाहतूकदार आमचा, मुकादम तर बहुधा मजुराच्याच जातीचा. मग मजुराचे नाव पटावर का येत नाही? 2019 मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यात ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड बायांची विचारपूस केली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक बायांच्या गर्भपिशव्या काढलेल्या आढळल्या. ह्या बायांच्या खाड्याचा पैसा ज्या वहीत जमा झाला ती वही कोणा भटजीची नव्हती.

गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नावाने कल्याण महामंडळ निघाले, ओळखपत्रे निघाली, मुलांकरिता वसतिगृहे ठरली. ओळखपत्राने मजूर कोण ते कळते. धनी कोण ते कळत नाही. कारखान्याने धनीपण पत्करावे, उचलीचा कागद द्यावा, आणि बाईची मजुरी बाईच्या नावे, तिच्याच खात्यात टाकावी. वसतिगृह दसऱ्याआधी उघडावे. पोर उसाच्या फडात गेल्यावर उघडून काय उपयोग?

तोवर विष्णुपुरीच्या विद्यार्थ्यांना एक काम सुचवितो. त्यांच्यातील कित्येकांचे आईबाप ह्याच ट्रकांतून गेलेले असतील. येत्या आषाढात त्यांनी आपापल्या तांड्यावर बसून कोणी कोणाकडून किती उचल घेतली, बाईचे नाव काय, कारखाना कोणता, हे दोन प्रतींत लिहावे; एक प्रत मजुराच्या घरी ठेवावी, दुसरी आमच्याकडे धाडावी. मुकादमांची व कारखान्यांची नावे आम्ही छापू. टपालखर्च आमचा.