उत्क्रांतीचा धडा आणि धर्माची कसोटी



शारजातील अल मजाजसारख्या वस्तीत आपली मुले केरळ-गोव्याच्या ख्रिस्ती मुलांसोबत वाढतात. "माणूस देवाने घडवला की उत्क्रांत झाला?" हा प्रश्न त्यांच्यासमोर आज ना उद्या येतोच. तेव्हा "ख्रिस्ती धर्म विज्ञानविरोधी, आपला धम्म विज्ञानवादी" असे सांगून मोकळे होण्याचा मोह पालकांना होतो. हे उत्तर सोयीचे असले तरी खरे नाही.

ख्रिस्ती इतिहासात दोन्ही प्रवाह आहेत. १९२५ साली अमेरिकेच्या टेनेसी राज्यात मानवाची उत्क्रांती शिकवल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला चालला. परंतु वाटाण्याच्या रोपांवर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधणारा ग्रेगोर मेंडेल हा ख्रिस्ती मठातील धर्मगुरूच होता. १९५० मध्ये पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवरील संशोधनाला मोकळीक दिली. आत्मा मात्र ईश्वरच निर्माण करतो, ही अट कायम ठेवली. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती हे आता निव्वळ गृहीतक उरले नसल्याचे मान्य केले.

महाराष्ट्रालाही या दुसऱ्या प्रवाहाचा लाभ झाला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील वाळवलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह एथेलबर्ट ब्लॅटर या स्विस जेझुइट धर्मगुरूच्या नावाने ओळखला जातो. खंडाळ्याच्या वनस्पतींची शास्त्रीय नोंद करणारे फादर सांतापाव हेही जेझुइट होते. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झाले.

याउलट, २०१८ मध्ये डार्विनचा सिद्धांत चुकीचा असून तो अभ्यासक्रमातून बदलावा, असे विधान औरंगाबादेत केले ते तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, एका वैदिक संमेलनाच्या निमित्ताने. २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. १,८००हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी त्याचा निषेध केला. बारावीच्या जीवशास्त्रात तो भाग आहे. पण दहावीनंतर वाणिज्य वा कला शाखेकडे वळणाऱ्या मुलाला तो शाळेत भेटणारच नाही. आखातातील सीबीएसई शाळांत शिकणारी आपली मुलेही त्यात आली.

हे नुकसान इतरांपेक्षा आपले अधिक आहे. सर्व माणसांचा उगम एकच आहे, हे उत्क्रांतीशास्त्र पुराव्यानिशी सांगते. जन्माने कोणी श्रेष्ठ वा कनिष्ठ ठरतो, या कल्पनेला निसर्गात आधार नाही. जातिभेदाला वंशशुद्धीचा शास्त्रीय मुलामा देणाऱ्यांचा युक्तिवाद बाबासाहेबांनी १९३६ मध्येच 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या भाषणात खोडून काढला होता. धर्म बुद्धीशी, म्हणजेच विज्ञानाशी सुसंगत असला पाहिजे, ही कसोटी त्यांनी १९५० मध्ये मांडली.

ती कसोटी आपल्यालाही लागू आहे. "तथागतांनी उत्क्रांती अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितली होती" असे संदेश आपल्याच समूहांत फिरतात. केवळ ग्रंथात आहे म्हणून स्वीकारू नका, असे कालामांना सांगणाऱ्या बुद्धाला अशा दाव्यांची गरज नाही. पुराव्यासमोर स्वतःचे मत बदलण्याची तयारी ज्या धर्मात आहे, तोच विज्ञानाचा मित्र. त्याचे नाव कोणतेही असो.

म्हणून एक विनंती. दहावीच्या जुन्या पुस्तकातील तो वगळलेला भाग मिळवा आणि सुट्टीच्या दिवशी मुलांसोबत घरी वाचा. शेजारच्या ख्रिस्ती मित्रालाही बोलवा. कदाचित मेंडेलची गोष्ट तोच आपल्या मुलांना सांगेल.

जय भीम! नमो बुद्धाय!