बोली म्हणजे शब्द

(घरबसल्या वस्तू विकणे आणि विकत घेणे आता सोपे झाले आहे. पण या व्यवहारात अनेकांना वाईट अनुभवही येतात. ते का येतात आणि ते टाळण्यासाठी खरेदीदाराने व विक्रेत्याने कसे वागावे, याचा विचार या पाठात केला आहे.)

सौंदड हे गोंदिया जिल्ह्यातील सडक अर्जुनी तालुक्याचे एक गाव. गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर ते वसले आहे. आसपास धानाची शेती आहे, जंगल आहे. या भागातल्या माणसांना लिलाव ही गोष्ट नवी नाही. जंगलातील तेंदूपानांचा लिलाव होतो. आठवडी बाजारातील वसुलीचाही लिलाव होतो. लोक जमतात. एक जण बोली लावतो. दुसरा त्याहून जास्त बोली लावतो. ‘एक वार, दोन वार, तीन वार’ असे म्हटले जाते. ज्याची बोली सर्वांत मोठी, त्याला वस्तू मिळते.

तुम्ही उर्दूत ज्याला ‘नीलाम’ म्हणता, त्यालाच मराठीत ‘लिलाव’ म्हणतात. हे दोन्ही शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आले. ‘बोली’ हा शब्द मात्र आपला आहे आणि तो दोन्ही भाषांत आहे. बोली म्हणजे बोलणे आणि बोली म्हणजे लिलावात सांगितलेली किंमत. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ आहेत. मला यात मोठा अर्थ दिसतो. जो बोली लावतो तो शब्द देतो. दिलेला शब्द पाळायचा असतो.

आता हाच लिलाव संगणकावर आणि मोबाइलवर होऊ लागला आहे. १९९५ साली अमेरिकेत पियर ओमिद्यार या तरुणाने लिलावाचे एक संकेतस्थळ सुरू केले. पुढे ते ‘ईबे’ या नावाने जगभर प्रसिद्ध झाले. तेथे सुरुवातीलाच विकली गेलेली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर होता. तो १४.८३ डॉलरला गेला. वस्तू बिघडलेली आहे, हे विक्रेत्याने लपवले नव्हते. घेणाऱ्यालाही ते माहीत होते. म्हणून मोडकी वस्तू विकूनही कोणाची फसवणूक झाली नाही. फसवणूक वस्तूच्या दोषामुळे होत नाही. दोष लपवल्यामुळे होते.

आपल्या देशात २००० साली मुंबईत ‘बाझी डॉट कॉम’ हे लिलावाचे संकेतस्थळ निघाले. २००४ मध्ये ईबेने ते विकत घेतले. पुढे २०१८ मध्ये ईबेचे ते भारतीय संकेतस्थळ बंद झाले. पण लिलाव बंद झाले नाहीत. २०१६ पासून ‘ई-नाम’ या सरकारी व्यवस्थेत शेतमालावर संगणकावरून बोली लागते. बँका आणि सरकारी कंपन्याही ई-लिलाव करतात. जुने मोबाइल, सायकली, गाड्या विकण्यासाठी ओएलएक्ससारखी संकेतस्थळे आहेत. तेथे लिलाव नसतो, घासाघीस असते. परंतु वाईट अनुभव तेच असतात.

विक्रेत्यांकडून येणारे वाईट अनुभव सर्वांना ठाऊक आहेत. चित्रात नवी वस्तू दाखवतात आणि हातात जुनी येते. ‘अस्सल’ म्हणून लिहितात आणि वस्तू नकली निघते. पैसे घेतात, पण वस्तू पाठवतच नाहीत. काही जण आपल्याच मित्राला खोटी बोली लावायला सांगतात. मित्राला वस्तू नको असते. त्याला फक्त किंमत चढवायची असते. खरा खरेदीदार त्या चढाओढीत सापडतो आणि उगाच जास्त पैसे देतो. ही लबाडी जुनीच आहे. १९३० च्या मालविक्री कायद्याने तिची दखल घेतली आहे. विक्रेत्याने खोटी बोली लावून किंमत वाढवली असेल, तर खरेदीदार तो सौदा रद्द करू शकतो, असे हा कायदा सांगतो.

पण सगळा दोष विक्रेत्यांचाच असतो का? मला तसे वाटत नाही. खरेदीदारही कमी नसतात. कोणी गंमत म्हणून मोठी बोली लावतो, लिलाव जिंकतो आणि मग पैसेच देत नाही. तोपर्यंत दुसरे खरे गिऱ्हाईक निघून गेलेले असते. कोणी चांगली वस्तू मिळाल्यावरही ‘फुटकी मिळाली’ अशी खोटी तक्रार करतो. कोणी नवी वस्तू ठेवून घेतो आणि तिच्या जागी आपली जुनी वस्तू परत पाठवतो. विकणारा प्रत्येक जण मोठा व्यापारी नसतो. एखाद्या बिडी कामगाराच्या घरातील मुलगा आपली सायकल विकून पुस्तकांसाठी पैसे उभे करत असेल. त्याला फसवणे हे दुकानदाराला फसवण्याइतकेच वाईट आहे.

अशा संकेतस्थळांवर व्यवहारानंतर एकमेकांविषयी शेरा देण्याची सोय असते. ही सोय चांगली आहे. गावात माणसाची जी पत असते, तिचेच काम हा शेरा करतो. पण लोकांनी त्याचेही हत्यार केले. खरेदीदाराने खरी तक्रार लिहिली, की विक्रेता रागाने त्याच्याविषयी वाईट शेरा लिही. या भीतीने लोक खरे लिहीनासे झाले. शेवटी २००८ मध्ये ईबेने नियम बदलला आणि विक्रेत्याने खरेदीदाराला वाईट शेरा देणे बंद केले. मग प्रामाणिक विक्रेते म्हणू लागले, ‘पैसे बुडवणाऱ्या गिऱ्हाइकाविषयी आम्ही बोलायचे तरी कोठे?’ नियमाने एक दार बंद केले, तर लबाडी दुसऱ्या दाराने आत आली.

काही लोक म्हणतात, ‘पूर्वीचे बाजार चांगले होते. तेथे फसवणूक नव्हती.’ हे पूर्ण खरे नाही. जनावरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत. बैलाच्या मालकाला तो भाव कळतही नसे. मात्र तेथे एक गोष्ट होती. बैल समोर उभा असे. त्याचे दात पाहता येत, त्याला चालवून पाहता येई. विकणारा कोणत्या गावचा, हेही विचारता येई. मोबाइलवर वस्तू दिसत नाही, तिचे फक्त चित्र दिसते. माणूस दिसत नाही, त्याचे फक्त नाव दिसते. तेही खरे असेलच असे नाही.

म्हणून हे व्यवहार करूच नयेत, असे काहींचे मत आहे. ते मला पटत नाही. सौंदडसारख्या गावातील माणसाला मुंबई-नागपूरचा बाजार घरबसल्या मिळतो, ही मोठी सोय आहे. चोराच्या भीतीने कोणी बाजार सोडत नाही. तो खिसा सांभाळून बाजारात जातो. आपणही तसेच करावे.

त्यासाठी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बोली लावण्यापूर्वी आपण किती पैसे देऊ शकतो, हे ठरवावे आणि त्यापुढे जाऊ नये. वस्तूची पूर्ण माहिती वाचावी. जवळची वस्तू असेल, तर वडीलधाऱ्यांबरोबर जाऊन ती पाहावी आणि मगच पैसे द्यावेत. ‘संकेतस्थळाबाहेर पैसे पाठवा, स्वस्तात देतो’ असे कोणी म्हणाले, तर तेथेच थांबावे. संकेतस्थळाने नेमून दिलेल्या मार्गाने पैसे दिले, तर त्याची नोंद राहते. बोलणे लेखी ठेवावे आणि पावती जपावी.

आणखी एक गोष्ट घरातील सर्वांना सांगा. पैसे घेण्यासाठी क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिनही टाकावा लागत नाही. पिन टाकला, की आपल्या खात्यातून पैसे जातात. अनेक ठग खरेदीदार बनून फोन करतात, ‘मी सैन्यात आहे’ असे सांगतात आणि कोड पाठवतात. असे पैसे गेले, तर लाजू नये. ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. जितका उशीर होईल, तितके पैसे परत मिळणे कठीण होते.

धंदा म्हणून विकणाऱ्याने फसवले, तर ग्राहक संरक्षण कायदा आपल्या पाठीशी आहे. २०१९ च्या नव्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असला, तरी सौंदडच्या माणसाला गोंदियातील ग्राहक आयोगाकडे जाता येते.

कायदा चोराला शिक्षा करू शकतो. तो कोणाला प्रामाणिक बनवू शकत नाही. ते काम आपले आहे. विकताना वस्तूचा दोष आधी सांगावा. बोली जिंकल्यावर पैसे वेळेवर द्यावेत. शेरा लिहिताना राग बाजूला ठेवून खरे लिहावे. समोरचा माणूस आपल्याला दिसत नाही, म्हणून आपले इमान कमी होत नाही. कोणी पाहत नसतानाही जो आपला शब्द पाळतो, त्याच्यामुळेच बाजार चालतो.

स्वाध्याय

१. ‘बोली’ या शब्दाचे दोन अर्थ कोणते?
२. खोटी बोली लावल्यामुळे खरेदीदाराचे नुकसान कसे होते?
३. जनावरांचा बाजार आणि मोबाइलवरील बाजार यांत लेखकाने कोणता फरक सांगितला आहे?
४. ‘सगळा दोष विक्रेत्यांचाच असतो.’ या मताशी तुम्ही सहमत आहात का? कारणे देऊन पाच-सहा वाक्ये लिहा.