भिंत बुजवण्याआधी वायरिंग तपासा!

नवे घर बांधणाऱ्या, जुन्या घराची दुरुस्ती काढलेल्या आणि सोसायट्यांचा कारभार पाहणाऱ्या सर्वांना कळकळीचे आवाहन.

पावसाळा तोंडावर आला आहे. भिंतींना ओल धरली की वर्षभर दडून बसलेले वायरिंगचे दोष जिवावर उठतात. फरशी निवडायला आपण चार दुकाने पालथी घालतो, पण वायरिंगचे काम ‘पॉइंटचा भाव’ सर्वांत कमी सांगेल त्याच्या हाती सोपवतो. ही सवय आता मोडायलाच हवी.

पाइपातला एक जोड पाहा. दोन वायरी हाताने पिळून वर टेप गुंडाळलेली असते. उन्हाळ्यात टेपचा गोंद सुटतो, पीळ सैल होतो, जोड तापू लागतो. वायरीतला प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबी पडत नाही आणि आग लागेपर्यंत घरात कुणाला पत्ता लागत नाही.

दुसरा गुन्हा अर्थिंगचा. वेगळी वायर ओढण्याचे टाळून सॉकेटमधली अर्थिंगची पिन न्यूट्रललाच जोडून दिली जाते. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटली, की गिझरच्या लोखंडी अंगात २३० व्होल्ट उतरतात, आणि त्याला हात लावणारा माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो.

एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. तो वायर वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी. ३० मिलीअँपिअरची गळती होताच तो वीज तोडतो. १६ अँपिअरच्या एमसीबीला पडायला याच्या पाचशे पटींहून जास्त प्रवाह लागतो. तोवर माणूस हाती लागत नाही.

म्हणून एवढे कराच:

• काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्या.
• वायर आयएसआय चिन्हाचीच घ्या. दिव्या-पंख्यांना १.५, पॉवर सॉकेटला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटर वायर सांगा.
• पाइपात एकही जोड नको. जोड फक्त बॉक्समध्ये आणि कनेक्टरने.
• स्विच फेजवरच हवा. अर्थिंगची हिरवी वायर प्रत्येक सॉकेटपर्यंत स्वतंत्र हवी.
• एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठा बसवू नका. आरसीसीबी पडतो म्हणून काढून टाकू नका. गळती शोधा.
• प्लास्टर करण्याआधी उघड्या पाइपांचे फोटो काढून ठेवा. वीज सुरू करण्याआधी ५०० व्होल्टच्या मेगरने इन्सुलेशन तपासून टेस्ट रिपोर्ट हातात घ्या.

वायरमन बंधूंनो, तुमचे काम भिंतीआड जाते आणि पुढची कित्येक वर्षे एक कुटुंब त्याच्या भरवशावर झोपते. मालक घाई करील, पैसे कमी करायला सांगेल. अर्थिंगच्या बाबतीत मात्र त्याला ठाम नकार द्या. आणि मालकांनो, चोख कामाचे चार पैसे जास्त मागणाऱ्या कारागिराशी घासाघीस करू नका.

आज घरी गेल्यावर मुख्य बोर्ड उघडा आणि आरसीसीबीवरचे टेस्टचे बटण दाबा. खटका पडला नाही, किंवा आरसीसीबीच नसला, तर पहिल्या पावसाची वाट पाहू नका. उद्याच परवानाधारक माणूस बोलवा.