उतरण्याची वाट आधीं

दिवाळी आटोपून थंडीला सुरुवात झाली, कीं पुण्यांतील घरोघरीं एक प्रश्न हटकून निघतो : यंदा मुलांना घेऊन कोणत्या गडावर जावयाचें? सिंहगड बहुतेकांच्या पायांखालचा झालेला असतो. मग कॉलेजांत जाणारा एखादा पुतण्या अवघड गडाचें नांव घेतो, घरांतील वडील माणसें "कडा फार उभा आहे म्हणतात," अशी शंका काढतात, आणि त्यावर ठरलेलें उत्तर येतें : "आतां तेथें रेलिंग बसविलें आहे. भीति कसली?" हें उत्तर आम्हींही एकदां दिलें होतें. त्याचा अनुभव काय आला तो सांगून, नवख्या माणसांसाठीं चढाची वाट कशी निवडावी याविषयीं चार शब्द लिहावे, असें या खेपेस आम्हीं योजिलें आहे.

तीनचार वर्षांपूर्वींची गोष्ट. पुण्याहून सुमारें ६० किलोमीटरांवर असलेल्या राजगडास आम्ही दोघे भाऊ, दोघांची कुटुंबें व तीन मुलें असे निघालों. राजगडाच्या वाटांपैकीं दोन विशेष रुळलेल्या आहेत. पालीकडील वाट म्हणजे रुंद पायऱ्यांचा जुना राजमार्ग. ती पाली दरवाजांतून आंत जाते. गुंजवण्याकडील वाट रानांतून येऊन शेवटीं उभ्या खडकाला भिडते आणि चोरदरवाजांतून पद्मावती माचीवर निघते. या खडकाच्या टप्प्यास लोखंडी कठडे आहेत. वाट ठरविण्याचें काम आमचेंच होतें. चोरदरवाजा या नांवाचीच मुलांना गोडी, शिवाय धरावयास लोखंड. आम्हीं तीच वाट पसंत केली.

चढण ठीक पार पडली. तळ्याकांठीं दशम्या व चटणी खाऊन दुपारीं तीनच्या सुमारास आम्ही आल्या वाटेनें परत निघालों. दरवाजांतून बाहेर पडून दहाबारा पावलें उतरलों असूं, तोंच धाकटी भावजय थांबली. दोन्ही हातांनीं तिनें कठडा घट्ट धरला होता, नजर खालच्या दरीवर खिळली होती, आणि पाऊल कांहीं केल्या पुढें पडेना. मागून उतरणारी मंडळी खोळंबली. खालून चढणारे "चला, चला" करूं लागले. भावानें थट्टेनें धीर देऊन पाहिला, त्यानें ती अधिकच आखडली. थोड्या वेळानें अगदीं हळू आवाजांत ती म्हणाली, "भाऊजी, मला चढतांनाच भीति वाटत होती. पण सगळीं निघालीं होतीं, म्हणून बोललें नाहीं."

आम्हीं तिला खडकाकडे तोंड करावयास सांगितलें. तीं दहाबारा पावलें चढून सर्वजण पुन्हा गडावर आलों आणि पाली दरवाजानें उतरलों. गाडी गुंजवण्यास उभी होती. ती वळसा घालून येईपर्यंत काळोख पडला. इजा कोणासही झाली नाहीं. परंतु "म्हणून बोललें नाहीं" हे तीन शब्द आमच्या मनांतून अद्याप गेलेले नाहींत. वाट ठरवितांना आम्हीं मुलांच्या हौसेचा विचार केला, लोखंडाचा केला. जिला बोलण्याचा संकोच, तिला मात्र एका शब्दानेंही विचारलें नव्हतें.

लोखंडाविषयींची आमची समजूतही त्यानंतर तपासून घ्यावी लागली. युरोपांत आल्प्स पर्वतांत 'व्हिया फेराटा' नांवाच्या वाटा आहेत. इटालियन भाषेंत त्याचा अर्थ लोखंडी वाट. पहिल्या महायुद्धांत इटलीच्या व ऑस्ट्रियाच्या सैन्यांनीं डोलोमाइट डोंगरांत शिड्या व दोर बसवून अशा कित्येक वाटा केल्या, आणि पुढें त्यांतील पुष्कळ हौशी लोकांसाठीं दुरुस्त करण्यांत आल्या. तेथें पोलादी दोर खडकांत खुंट्या ठोकून जागोजागीं पक्का केलेला असतो. चढणाऱ्याच्या कमरेस हार्नेस, त्यापासून निघालेल्या दोन दोऱ्या, आणि प्रत्येकीच्या टोंकाला कॅराबिनर, म्हणजे आपोआप मिटणारी कडी. खुंटी आली कीं एक कडी काढून पलीकडे अडकवावयाची, मग दुसरी; दोन्ही एकदम कधींही काढावयाच्या नाहींत. पडणारा माणूस मागच्या खुंटीपर्यंत घसरत जातो, व तो झटका साध्या दोरीच्या आटोक्याबाहेरचा असतो; म्हणून धक्का शोषून घेणारें एक साधन मध्यें जोडलेलें असतें. तें सुद्धां ४० ते १२० किलो वजनाच्या माणसांपुरतेंच बेतलेलें असतें. त्याहून हलक्या मुलास निराळ्या दोरानें वरून सांभाळावें लागतें.

आपल्या गडांवरचें लोखंड या जातीचें नाहीं. १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर बारी गांवाहून जातांना लागणाऱ्या शिड्या, शिवनेरीच्या कातळभिंतीवरील साखळीची वाट, राजगडचे कठडे, हीं सर्व हाताला आधार देतात. हात सुटला तर माणसाला धरून ठेवीत नाहींत. हरिहरच्या उभ्या पायऱ्यांना तर कातळांत कोरलेल्या खोबण्या हाच मुख्य आधार. तेव्हां अशी वाट सोपी झाली इतकेंच म्हणावें. ती निर्धोक झाली असें म्हणूं नये. शिवाय आपल्या पावसांत लोखंड गंजतें. म्हणून कठड्यावर सारा भार टाकण्यापूर्वीं तो हलवून पाहावा, आणि भरंवसा पायांवर ठेवावा.

मग नवख्यानें वाट निवडावी कशी? पहिला प्रश्न उतरणीचा असावा. चढतांना धरावयाची जागा डोळ्यांसमोर असते. उतरतांना न दिसणारी जागा पायानें चांचपावी लागते, मांड्या थकलेल्या असतात, आणि दरी सारखी समोर असते. उभ्या जागीं शिडीवरून उतरावें तसें खडकाकडे तोंड करून उतरावें, हें मुलांना आधींच शिकवून ठेवावें. आणि प्रथम असाच गड घ्यावा, कीं ज्याला दुसरी सोपी वाट आहे. चोरदरवाजानें चढून पालीनें उतरावयाचें ठरवून गाडी पालीसच बोलाविली असती, तर आमची त्रेधा टळली असती.

क्रमानें जाण्यांत कमीपणा नाहीं. आतकरवाडीहून सिंहगड पायीं चढावा व पायींच उतरावा. कित्येक पुणेकर चढतात पायीं आणि उतरतात जीपनें. त्यांच्या छातीची परीक्षा होते, गुडघ्यांची होत नाहीं. मग मळवलीहून लोहगडच्या पायऱ्या, मग पालीच्या वाटेनें राजगड, आणि त्यानंतर चोरदरवाजा. शिवनेरीस प्रथम सात दरवाजांच्या वाटेनें जावें. साखळीच्या वाटेचा विचार मागाहून, व तीही खुली आहे कीं नाहीं याची जुन्नरास चौकशी करून.

काळवेळही पाहावी. पावसाळ्यांत कातळ शेवाळतो आणि अरुंद जागीं गर्दी दाटते. वैशाखांतल्या वळवाच्या दिवसांत दुपारनंतर विजा होतात; त्या वेळीं माथ्यावर, व विशेषतः लोखंडाजवळ, मुळींच असूं नये. मार्गशीर्षापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पहांटे निघावें, आणि उजेड असतां अवघड टप्पा उतरून व्हावा.

घरांतील तरुणांस याहून पुढें जावयाचें असेल, तर त्यांना अडवूं नये. रीतसर शिकूं द्यावें. गिरिप्रेमी ही संस्था पुण्यांत १९८२ पासून काम करीत आहे, आणि २०१२ सालीं तिच्या गिर्यारोहकांनीं एव्हरेस्ट गांठलें. हार्नेस बांधणें, दोर सांभाळणें, गांठी मारणें या गोष्टी अशा जाणत्या माणसांच्या नजरेखालींच शिकाव्या. इतर कोणाबरोबर पाठवितांना, राज्य सरकारच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणें त्यांची नोंदणी झाली आहे काय, आणि माणूस अर्ध्यावर घाबरला तर ते काय करतात, हें विचारण्यास संकोचूं नये. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर जो हंसण्यावारी नेईल, त्याच्या हवालीं आपलें मूल करूं नये.

आणि हाच प्रश्न आपल्या घरांतही विचारला पाहिजे. एकत्र कुटुंबांत पुष्कळ गोष्टी न बोलतां सोसल्या जातात. त्यांतील कांहीं शोभूनही दिसतात. कड्यावर मात्र न बोललेली भीति सगळ्यांच्याच अंगावर येते. म्हणून आमच्याकडे आतां रिवाज असा पडला आहे, कीं निघण्याच्या आदल्या रात्रीं पानावर बसलें असतां प्रत्येकाला, धाकट्यापासून आरंभ करून, विचारावयाचें. आणि "मला भीति वाटते" असें एकानें जरी म्हटलें, तरी वाट बदलावयाची. कारण विचारावयाचें नाहीं. गेल्या पौषांत पुन्हा राजगडाचा बेत निघाला, तेव्हां आम्हीं तोंड उघडण्यापूर्वींच भावजयीनें वाढतां वाढतां विचारलें, "भाऊजी, उतरायचें कोठून?" आम्हीं सांगितलें, "पालीनें." "मग मी चोरदरवाजानें चढतें," असें ती म्हणाली, आणि चढली.