गांज्याच्या रोपाची भूक आणि एलईडी दिव्यांचे गणित

बंदिस्त खोलीत वाढवलेल्या गांज्याच्या रोपाला एलईडी दिव्यांचा किती प्रकाश सोसतो, हा प्रश्न वरवर पाहता बागकामाचा वाटतो. कॅनडा आणि अमेरिकेतील काही राज्यांत मात्र तो आता परवाने देणाऱ्या मंडळांचा, वीज कंपन्यांचा आणि हवामानाची चिंता वाहणाऱ्या धोरणकर्त्यांचाही प्रश्न झाला आहे. कमी विजेत काम भागवणारे दिवे आले की विजेची मागणी घटेल, अशी साधी अपेक्षा होती. प्रत्यक्षात या पिकाची प्रकाशाची भूक इतकी मोठी निघाली की वाचलेली वीज पुन्हा त्याच खोलीत खर्ची पडू लागली.

कॅनडाने 17 ऑक्टोबर 2018 रोजी प्रौढांसाठी गांजा कायदेशीर केला. तोवर चोरून चालणारी ही शेती भांडवल बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या हाती गेली आणि विद्यापीठांनाही तिचा उघडपणे अभ्यास करण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीचे ज्ञान बहुतांशी चोरट्या लागवडीच्या अनुभवावर उभे होते. त्यात काही खरे होते, तर बरेचसे ऐकीव. 'अमुक मर्यादेपलीकडे प्रकाश दिला की रोप भाजते' आणि 'जास्त प्रकाशात वाढलेला माल अधिक कडक असतो' ही त्यातली दोन गृहीतके सर्वांत घट्ट रुजलेली होती.

ओंटारिओतील ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने दोन्हींना धक्का दिला. वनस्पतीला उपयोगी पडणारा प्रकाश मोजताना एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात, हे पाहिले जाते. निरभ्र आकाशातील भर दुपारच्या उन्हात हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. संशोधकांनी फुलोऱ्यातील रोपांना एलईडी दिव्यांखाली दररोज बारा तास 120 पासून 1,800 मायक्रोमोलपर्यंतचा प्रकाश दिला. 81 दिवसांनंतर वाळलेल्या फुलांचे वजन केले, तेव्हा सर्वांत मंद प्रकाशात चौरस मीटरमागे 116 ग्रॅम आणि सर्वांत तीव्र प्रकाशात 519 ग्रॅम उत्पादन आले. वाढ सुमारे साडेचार पट होती, आणि तीही सरळ रेषेत. कोठेही वक्र आडवा झाला नाही. रोपाच्या एकूण वजनातला विक्रीयोग्य फुलांचा वाटाही प्रकाशाबरोबर वाढत गेला. अमली घटकांचे प्रमाण मात्र प्रकाशाने बदलले नाही. माल वाढला, कडकपणा नाही.

1,800 मायक्रोमोल हा आकडा दुपारच्या उन्हापेक्षा कमी भासतो, पण ऊन सकाळी चढते आणि संध्याकाळी उतरते. खोलीतला दिवा बारा तास एकाच तीव्रतेने जळतो. दिवसभराचा हिशेब मांडल्यास या रोपांवर चौरस मीटरमागे सुमारे 78 मोल प्रकाश पडला. उन्हाळ्यातील स्वच्छ दिवशी उघड्या शेतात साधारण 50 ते 60 मोल पडतो. म्हणजे वैशाखातल्या विदर्भाच्या माळरानावर पडतो, त्याहूनही अधिक प्रकाश या रोपांनी रोज, सलग अडीच महिन्यांहून अधिक काळ पचवला.

यात एक विसंगती आहे. एकट्या पानाचे प्रकाशसंश्लेषण मोजले, तर ते 1,800 च्या बरेच आधी थबकते. मिसिसिपी विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये पानांवर केलेल्या मोजणीत सर्वाधिक दर 1,500 मायक्रोमोल प्रकाश आणि 30 अंश सेल्सिअस तापमान या जोडीला आढळला होता. मग पान थकते, तरी पीक का वाढत राहते? याचे कारण रोपाच्या रचनेत आहे. वरची पाने तृप्त झाली तरी त्यांच्या सावलीतली खालची पाने अर्धपोटी असतात आणि वाढीव प्रकाश त्यांच्यापर्यंत झिरपतो. एका पानावरून संपूर्ण पिकाची मर्यादा ठरवणे चुकीचे आहे, हा ग्वेल्फच्या अभ्यासाचा निष्कर्ष उत्पादकांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरला.

याचा अर्थ रोपाला काहीही सोसते, असा नव्हे. दिवा शेंड्याच्या फार जवळ आला की वरची फुले पांढुरकी पडतात आणि पानांच्या कडा वळतात. कोवळ्या कलमांना फुलोऱ्यातल्या रोपाइतका प्रकाश एकदम दिला तर ती कोमेजतात. जुने सोडियम दिवे प्रकाशाबरोबर उष्णताही पानांवर फेकत. एलईडीची उष्णता मुख्यतः दिव्याच्या पाठीमागून बाहेर पडते, त्यामुळे पान हवेपेक्षा थंड राहते आणि पाणी कमी ओढते. म्हणून केवळ दिवे बदलून भागत नाही. खोलीचे तापमान, आर्द्रता, खताची मात्रा आणि बहुधा कार्बन डायऑक्साइडचे प्रमाणही बदलावे लागते. उघड्या हवेत हा वायू दशलक्षात सुमारे 420 भाग असतो. व्यापारी खोल्यांत तो अनेकदा दुपटीहून अधिक ठेवतात. प्रकाश सोसण्याची रोपाची क्षमता अशा रीतीने विकत घेतलेली असते, आणि तिची किंमत वीज, वायू व वातानुकूलन या तीन ठिकाणी मोजावी लागते.

इथे हिशेब करून पाहण्यासारखा आहे. एक चांगला एलईडी दिवा एका ज्यूल विजेमागे 2.7 मायक्रोमोल प्रकाश देतो असे धरू. फुलोऱ्यात आणखी 100 मायक्रोमोल प्रकाश द्यायचा, तर चौरस मीटरमागे सुमारे 37 वॅट लागतील. बारा तासांप्रमाणे 81 दिवसांत त्याची 36 युनिट वीज होते. ग्वेल्फच्या सरळ रेषेनुसार तेवढ्या प्रकाशाने सुमारे 24 ग्रॅम माल वाढतो. म्हणजे प्रत्येक वाढीव ग्रॅममागे दीड युनिट, तेही केवळ दिव्यांचे. युनिटला 15 सेंट दर धरला तर खर्च 22 ते 23 सेंट होतो. घाऊक बाजारात ग्रॅमला एक डॉलर जरी मिळाला, तरी उत्पादकाला हा व्यवहार किफायतशीरच वाटणार. तो दिवे मंद का करील? रोप थांबा म्हणत नाही, बाजार म्हणत नाही आणि वीजबिलही म्हणत नाही.

नेमक्या याच जागी एलईडीचे आश्वासन निसटते. दोन टोकांच्या सोडियम दिव्याची कार्यक्षमता ज्यूलमागे सुमारे 1.7 मायक्रोमोल असते. तितकाच प्रकाश एलईडीने दिला, तर एक तृतीयांशाहून अधिक वीज वाचते. पण उत्पादक तितकाच प्रकाश देत नाही. सोडियमच्या उष्णतेमुळे पूर्वी दिवे वर टांगावे लागत आणि त्या अंतराने प्रकाशाला आपोआप लगाम बसे. एलईडीने तो लगाम काढला. कोळशाच्या वापराविषयी इंग्लंडमध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स यांनी 1865 मध्ये जे निरीक्षण नोंदवले, त्याचीच ही आवृत्ती म्हणता येईल. यंत्र काटकसरी झाले की वापर घटत नाही, वाढतो.

हा वापर किरकोळ नाही. अमेरिकी संशोधक इव्हान मिल्स यांनी 2012 मध्ये केलेल्या अंदाजानुसार बंदिस्त गांजालागवडीला त्या देशातील एकूण विजेपैकी सुमारे एक टक्का लागत होती. कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाच्या 2021 मधील अभ्यासात एक किलो वाळलेल्या फुलांमागे 2,283 ते 5,184 किलो कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन आढळले. दक्षिण कॅलिफोर्नियात ते सर्वांत कमी होते, तर हवाईत सर्वाधिक. स्थानिक हवामान आणि वीज कशापासून तयार होते, यावर हा फरक ठरतो. दिव्यांच्या बरोबरीने, किंबहुना त्यांच्याहूनही अधिक भार वातानुकूलनाचा आणि बाहेरची हवा आत घेऊन ती थंड-कोरडी करण्याचा आहे. दिव्याची बहुतेक सर्व वीज अखेर उष्णतेच्या रूपाने त्याच खोलीत राहते, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन खर्चांना वेगळे मानता येत नाही.

नियामकांनी यावर दोन मार्ग चोखाळले. कॅलिफोर्नियाने 1 जानेवारी 2023 पासून मोठ्या बंदिस्त लागवडीसाठी दिव्यांची किमान कार्यक्षमता ज्यूलमागे 1.9 मायक्रोमोल ठरवली. मॅसॅच्युसेट्सने जागेवर बोट ठेवले. तेथे मोठ्या परवानाधारकांना लागवडीच्या प्रत्येक चौरस फुटामागे 36 वॅट आणि लहानांना 50 वॅट अशी मर्यादा आहे. 36 वॅटची मर्यादा म्हणजे चौरस मीटरला सुमारे 388 वॅट. त्यात सोडियम दिवे जेमतेम 660 मायक्रोमोल देतात आणि चांगले एलईडी हजाराच्या थोडे वर. हा नियम विजेचा असला, तरी त्याने रोपाच्या ताटात किती वाढायचे हे प्रत्यक्षात ठरवले आहे. प्रस्तुत प्रतिनिधीच्या मते दोहोंपैकी हाच मार्ग अधिक प्रामाणिक आहे, कारण कार्यक्षमतेची अट पूर्ण करून कितीही दिवे लावता येतात. अर्थात मॅसॅच्युसेट्सनेही पळवाट ठेवली आहेच. किमान दर्जाहून 15 टक्के अधिक कार्यक्षम असलेले प्रमाणित दिवे वापरणाऱ्यास वॅटची मर्यादा लागू होत नाही.

काचगृहात सूर्यप्रकाश फुकट मिळतो आणि दिवे पूरक ठरतात, हा पर्याय सुज्ञ वाटतो. ओंटारिओच्या दक्षिण टोकाला लेमिंग्टन आणि किंग्सव्हिल परिसरात गांजा व भाजीपाल्याच्या काचगृहांमुळे रात्रीचे आकाश उजळून निघू लागले, तेव्हा रहिवाशांच्या तक्रारींवरून पालिकांना पडदे लावण्याचे नियम करावे लागले. झाडाला सोसणारा प्रकाश शेजाऱ्याला सोसेलच असे नाही.

भारतात ही चर्चा वेगळ्या वाटेने आली आहे. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार विनापरवाना गांजालागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. बंदिस्त लागवडीचा माल आपल्याकडे पोहोचतो तो 'हायड्रोपोनिक गांजा' या नावाने, बँकॉकहून येणाऱ्या प्रवाशांच्या सामानातून. मुंबई विमानतळावरील जप्तीच्या बातम्यांत हा शब्द आता नित्याचा झाला आहे. त्याच्या चढ्या भावामागे दिव्यांची जादू असल्याचा समज असला, तरी ग्वेल्फच्या प्रयोगाकडे पाहता त्या कडकपणाचे श्रेय निवडक वाणाला आणि बीजविरहित मादी फुलांना द्यावे लागेल.

कायदेशीर मार्गावर उत्तराखंडने 2018 मध्ये औद्योगिक भांगेच्या लागवडीला परवाना देऊन सुरुवात केली, तर हिमाचल प्रदेश मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. धागा आणि बियांसाठीची भांग उघड्या शेतात येते, तिला दिव्यांची गरज नाही. औषधी दर्जाच्या फुलांचे तसे नाही. प्रत्येक तोडणीत घटकांचे प्रमाण सारखे हवे, ही औषध कंपन्यांची अट उत्पादकाला हळूहळू छताखाली ढकलते. देशातील सुमारे तीन चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते. त्यामुळे औषधी लागवडीचे परवाने देण्याची वेळ आली, तर अर्जात कुंपण, पहारा आणि टीएचसीच्या टक्केवारीबरोबर चौरस मीटरमागे किती वॅट, हा रकानाही राज्यांना ठेवावा लागेल.