शाळा सुटल्यानंतरची शाळा

गोव्यातील बहुतेक शाळा सकाळी भरतात आणि दुपारी दीडच्या सुमारास सुटतात. घंटा होते, मुले पांगतात, शिपाई एकेका वर्गास कुलूप लावीत जातो आणि मग दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत त्या वास्तूत चिमण्या व पाली यांखेरीज कोणाचा वावर नसतो. शिक्षणहक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी वर्षाचे किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. दिवसाचे साडेपाच तास धरले तर ते १,२१० तास होतात. वर्षाचे एकूण तास ८,७६०. म्हणजे लोकांच्या वर्गणीतून व सरकारच्या अनुदानातून उभी राहिलेली ही वास्तू आपल्या वेळेचा सातवा हिस्साही कामी येत नाही. त्यातून रात्रीचे तास वजा करावेत असे कोणी म्हणेल, अवश्य करावेत. तरीही दुपारी चार ते सायंकाळी सात ही वेळ शिल्लक उरतेच, आणि आमचे सारे म्हणणे त्या तीन तासांपुरतेच आहे.

ते म्हणणे असे, की शाळा जशी मुलांची आहे तशीच ती त्यांच्या घरच्या माणसांचीही असावी. आज पालक शाळेत येतात ते तीनच निमित्तांनी: प्रवेशाच्या वेळी, प्रगतिपुस्तकावर सही करण्यास आणि मुलाने काही आगळीक केली असता. या तिन्ही प्रसंगी पालक उभा असतो व शिक्षक बसलेला असतो. अशा भेटींतून जिव्हाळा कसा वाढावा?

शहरातील सुखवस्तू घरांना आमचा हा विचार कदाचित अनावश्यक वाटेल. त्यांची मुले सायंकाळी पोहावयास जातात, तबला शिकतात, चित्रकलेच्या वर्गास बसतात. मे महिन्यात त्यांच्यासाठी शिबिरे असतात. हे सारे पैसे मोजून मिळते, व ज्यांना शक्य आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. परंतु मराठी माध्यमाच्या शाळेत मुले धाडणारी घरे बहुतांशी वेगळी आहेत. कोणाचे वडील बस हाकतात, कोणाचे काजूच्या बागेत राबतात, कोणाची आई मासळीची पाटी घेऊन बाजारात बसते. डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाणींवर पोट असलेली कितीतरी कुटुंबे आहेत; २०१२ साली व पुन्हा २०१८ साली खाणी बंद पडल्या तेव्हा त्या घरांत शिकवणीची फी हा खर्च सर्वांत आधी कापला गेला असेल, हे सांगण्यास पंडिताची गरज नाही. अशा घरांनी मुलांच्या व स्वतःच्या मनाची मशागत कोठे करावी? पणजीस पाटो येथे राज्याचे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ साली स्थापन झालेले हे ग्रंथालय आज केळोशीच्या कृष्णदास शामांचे नाव मिरविते आणि तेथे मुलांसाठी वेगळा विभागही आहे. ते पाहून मन प्रसन्न होते. परंतु सत्तरीच्या टोकाच्या गावातून तेथे जावयाचे म्हणजे आईची एक दिवसाची मजुरी बुडाली. ग्रंथालय तिच्याकडे येऊ शकत नाही. शाळा मात्र तिच्या दारापासून हाकेच्या अंतरावर आहे.

३० मे २०२५ रोजी, घटक राज्याच्या वर्धापनदिनी, गोवा हे पूर्ण साक्षर राज्य म्हणून जाहीर झाले. १९६१ साली मुक्ती मिळाली त्या सुमारास शंभरांत सुमारे तीस माणसांना अक्षरओळख होती, हे ध्यानी घेतले म्हणजे केवढी मजल मारली गेली याची कल्पना येते. त्याबद्दल अभिमान अवश्य बाळगावा. परंतु अक्षर ओळखणे निराळे आणि वाचन करणे निराळे. पोहावयास शिकलेल्या माणसाला नदीच दाखविली नाही तर त्याची विद्या किती दिवस टिकणार? आमच्या पालकभगिनींपैकी अनेकजणी सातवी-आठवीपर्यंत शिकलेल्या आहेत. लग्नानंतर त्यांच्या हाती विजेचे बिल, औषधाची चिठ्ठी आणि दिनदर्शिका यांखेरीज छापील असे फारसे काही आले नाही. मोबाइल आला, पण त्यावर वाचण्यापेक्षा पाहणेच अधिक. या भगिनींना निरक्षर म्हणणे अन्यायाचे आहे, आणि वाचक म्हणणेही खरे नाही.

आपल्या पूर्वजांनी याबाबत काय केले ते थोडे आठवावे. पोर्तुगीज राजवटीत हिंदू घरांतील मुलांसाठी मराठी शाळा काढणे म्हणजे पदरमोड करणे होय. पणजीच्या मुष्टिफंड संस्थेच्या नावातच तिचा इतिहास दडलेला आहे. मुष्टी म्हणजे मूठ. घरोघरी चुलीवर भाताचे आधण ठेवताना गृहिणीने मूठभर तांदूळ शाळेसाठी बाजूस काढावा, या कल्पनेवर विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती संस्था उभी राहिली. १९१० साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आले व येथील हिंदूंवरची बंधने सैल झाली. लगोलग १९११ साली मडगावी गोमंत विद्या निकेतन स्थापन झाले. तेथे ग्रंथालय, व्याख्याने, नाटक आणि संगीत ही सारी एका छपराखाली नांदली. त्या पिढीला शाळा आणि समाज असे दोन वेगळे कप्पे ठाऊकच नव्हते. मूठभर तांदूळ देणारी बाई शाळेत कधी बसली नसेल. पण शाळा आपली आहे हे ती जाणून होती. आज तांदळाची मूठ मागावी लागत नाही, आणि त्याबरोबरच तो आपलेपणाही ओसरला.

दुसरे उदाहरण साखवाळच्या धर्मानंद कोसंबी यांचे. जन्म १८७६ चा. शालेय शिक्षण बेताचे, घरी माडांची बागायत, त्यातच दिवस जाणार अशी चिन्हे. विनायक कोंडदेव ओक यांचे ‘बालबोध’ हे मुलांचे मासिक त्यांच्या वाचनात आले व त्यातील बुद्धचरित्राने या तरुणाचे चित्त वेधले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुणे, काशी, नेपाळ व सिंहलद्वीप अशी भ्रमंती करीत ते पाली भाषेचे व बौद्ध वाङ्मयाचे जगन्मान्य अभ्यासक झाले. पुढे हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना पाचारण केले. आमच्या विद्यार्थ्यांना ही कथा सांगताना आम्ही सहसा त्यांच्या जिद्दीवर भर देतो. परंतु तिची दुसरीही एक बाजू आहे. ‘बालबोध’ लहान मुलांसाठी होते आणि ते वाचणारा हा माणूस विशी गाठलेला संसारी गृहस्थ होता. मुलांसाठी काढलेले मासिक घरातील मोठ्या माणसाच्या हाती पडले, एवढ्याने एका आयुष्याची दिशा बदलली. (हे वार्षिक अंकदेखील घरी गेल्यावर कोण कोण वाचते, हे आम्हांस जाणून घ्यावयास आवडेल.)

आता जी गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते ती सांगतो. पालकसभेत आमच्या मातृभगिनी गप्प बसतात. घरी व बाजारात ज्यांची जीभ क्षणभर विसावत नाही, त्याच बायका शाळेच्या उंबऱ्याच्या आत आल्या की मुक्या होतात. त्यांना सांगण्यासारखे काही नसते असे मुळीच नव्हे. त्यांचा समज असा, की शाळेत पुस्तकी मराठीतच बोलावयास हवे, आणि ती जिभेवर नीट बसत नाही; चुकलो तर गुरुजी हसतील. आमचीही घरची बोली कोंकणीच आहे, तेव्हा हा संकोच आम्ही आतून ओळखतो. आमचे मत स्पष्ट आहे: अशा सायंकाळी वाचन मराठीत व्हावे आणि त्यावरील बोलणे ज्याला ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत व्हावे. भाषेच्या प्रश्नावर गोव्यात पुष्कळ वाद झाले. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचा मान दिला व मराठीच्या वापराचीही तरतूद केली. तो वाद येथे उकरून काढण्याची आमची इच्छा नाही. घरोघरी मात्र तो केव्हाच मिटलेला आहे. आजी देवळात मराठी अभंग म्हणते आणि घरी येऊन त्याच तोंडाने नातवंडांना कोंकणीत रागावते. तिला त्यात विसंगती दिसत नाही. शाळेनेही ती पाहू नये.

शिवाय या बैठकींत द्यावयाचे काम केवळ शाळेनेच करावे व पालकांनी फक्त घ्यावे, असे आम्हांस अभिप्रेत नाही. चतुर्थीला गणपतीसमोर जी माटोळी बांधली जाते तिचेच पाहा. रानातील फळे, फुले, कंद, शेंगा आणि वेली शोधून आणणाऱ्या माणसाला त्या प्रत्येकाचे नाव, जागा व ऋतू ठाऊक असतो. आमच्या विज्ञानाच्या पुस्तकात वनस्पतींचे वर्गीकरण आहे. पण त्यातील किती झाडे मुले प्रत्यक्ष ओळखतात? तसेच खाजन शेतीचे. खाडीच्या खाऱ्या पाण्याला बांध घालून, मानशीच्या दारांनी भरतीचे पाणी अडवून आणि ओहोटीला शेतातील पाणी सोडून देऊन आपल्या पूर्वजांनी जमीन निर्माण केली, व त्या खारट मातीत तग धरणारे कोरगुट भात पिकविले. मानस राखणाऱ्याच्या डोक्यात तिथी आणि भरती-ओहोटी यांचे गणित पक्के बसलेले असते. चंद्राच्या आकर्षणाने भरती येते एवढे आमच्या नववीच्या मुलांना लिहिता येते. अष्टमीला पाणी कितपत चढेल व पौर्णिमेला दार केव्हा लावावे, हे तो सांगू शकतो. त्याला खुर्ची देऊन वर्गात बसवावे आणि मुलांनी प्रश्न विचारावेत. मिठागरावर काम करणाऱ्यांनाही तसेच बोलवावे. भजनी मंडळाच्या बुवांनी आठवड्यातून एक तास दिला, तर पेटीच्या शिकवणीला पैसे नसलेल्या मुलाच्या कानावर निदान सूर तरी पडेल.

आक्षेप अनेक आहेत. किल्ली कोणापाशी राहील? विजेचे बिल कोण भरील? पुस्तके हरवली तर जबाबदारी कोणाची? आणि सकाळपासून फळ्यापुढे उभे राहिलेल्या शिक्षकाने सायंकाळी पुन्हा का यावे? शेवटचा प्रश्न खरोखरीचा आहे. शिक्षकावर आधीच माहितीचे तक्ते भरण्याचा व नाना मोहिमांचा भार आहे. त्यावर आणखी एक ओझे लादून हा उपक्रम चालणार नाही. म्हणून तो शिक्षकांनी नव्हे तर पालकांनीच चालवावा. कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत व निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात असे म्हटले आहे. ही समिती पुष्कळ ठिकाणी सह्यांपुरती उरली आहे. तिला हे काम द्यावे. किल्लीही तिच्यापाशीच द्यावी. शाळेच्या वेळेबाहेर शाळेची वास्तू समाजाच्या उपयोगी पडावी आणि प्रौढांच्या शिक्षणासाठीही ती वापरावी, असे २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही नमूद आहे. तेव्हा परवानगीची सबब फार काळ टिकणारी नाही.

विजेचे म्हणाल, तर चार ते सहा या वेळेत पावसाळा सोडला की दिवे लावावे लागत नाहीत. आणि पुस्तके? ग्रंथालयाच्या कपाटाला कुलूप घातल्याने ती सुरक्षित राहतात, हा आपल्याकडील एक जुना भ्रम आहे. आमच्या दमट हवेत बंद कपाटातील पुस्तकास वर्षभरात बुरशी येते, कसर लागते, आणि वाळवीला तर कुलूप ठाऊकच नसते. चार पुस्तके कोणाच्या घरी राहून गेली तर तेवढी तरी वाचली जाण्याची शक्यता आहे.

एक आक्षेप मात्र पालकांकडूनच ऐकू येतो. तो म्हणजे, “गुरुजी, आतां वाचूंक जायना, विसरलें सगळें.” हे उद्गार काढणाऱ्या बहुतेक भगिनी चाळिशीच्या पुढच्या असतात. त्यांपैकी अनेकजणी वाचावयास विसरलेल्या नाहीत. जवळचे अक्षर त्यांना स्पष्ट दिसत नाही, एवढेच. शाळेत नेत्रतपासणीचे शिबिर भरते तेव्हा ते मुलांसाठी असते. त्याच दिवशी मुलांच्या आयांचे व आज्यांचेही डोळे तपासले गेले, तर या योजनेतील अर्धी अडचण एका दुपारी दूर होईल असे आम्हांस वाटते. वाचनाचा साधा चष्मा हा काही फार मोठा खर्च नव्हे, आणि ज्या घराला तोही जड जाईल त्याच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे.

आमची सूचना इतकीच, की पुढील वर्षी सहामाही परीक्षा आटोपल्यावर दर शनिवारी चार वाजता एक वर्ग उघडा ठेवावा. पहिल्या दिवशी पाच माणसे आली तरी चालेल. गोष्टींची, आरोग्याची, शेतीची व थोरांच्या चरित्रांची अशी तीस-चाळीस पुस्तके मेजावर मांडून ठेवावीत, कपाटात नव्हेत. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. ज्यांना शिवणकाम अथवा भाजी निवडण्याचे काम बरोबर आणावयाचे असेल त्यांनी ते खुशाल आणावे. मुलांनी आपल्या आईला अथवा आजीला सोबत आणावे. वडील आले तर उत्तमच. बसावयास चटया शाळेत आहेत. चष्मा तेवढा ज्याचा त्याने विसरता घेऊन यावा.