प्रोस्टेटचा उपचार दवाखान्यात झाला. घरची सेवा कोण शिकवणार?

बैलाची लघवी अडली तर आपण दुपारच्या आत डॉक्टरला निरोप धाडतो. स्वतःची अडली तर मात्र ‘वयामुळं होतंय’ म्हणून वर्ष काढतो. साठीनंतर धार बारीक होणे, रात्री चार वेळा उठणे हे बहुतेकांत प्रोस्टेट ग्रंथीच्या साध्या वाढीमुळे होते. काहींत मात्र कर्करोग निघतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून तपासून घेणे हाच मार्ग.

शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की पेरणी चुकते, धारा काढण्यापासून सोसायटीच्या हप्त्यापर्यंत सगळे कारभारणीच्या अंगावर पडते.

उपचाराची सोय आज जवळ आली आहे. पिंपरीच्या संत तुकाराम नगरात महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, डॉ. डी. वाय. पाटील रुग्णालयही तिथेच आहे. मार्च २०२२ पासून मेट्रोचे स्टेशनही झाले. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे आणि कर्करोगाचे ठरावीक उपचार त्यात बसतात. अडचण सुरू होते ती माणूस घरी परतल्यावर.

न सांगितलेली गोष्ट

हा रोग पुरुषी संप्रेरकावर पोसतो. म्हणून रोग पसरलेला असेल तर ते संप्रेरक कमी करणारी इंजेक्शने ठरावीक मुदतीने देतात किंवा वृषण काढतात. त्याने रोग आटोक्यात राहतो, पण अंगातून वाफा निघतात, थकवा येतो, हाडे ठिसूळ होतात, शरीरसंबंधाची इच्छा मावळते. ‘बैल खच्ची केला’ अशी टिंगल होईल या धास्तीने माणूस बोलत नाही. बायकोला वाटते, मालकांचं आपल्यावरून मन उडालं. हा औषधाचा परिणाम आहे, एवढे एक वाक्य सिस्टरने दोघांना समोर बसवून सांगितले, तर घरातला अबोला टळतो.

आपल्या खात्याचा दाखला घ्या. विद्यापीठात वाण तयार झाला म्हणून तो बांधावर पोचत नाही, मधे विस्तार कार्यकर्ता लागतो. रुग्णालय आणि घर यांच्यामध्ये तेच काम परिचारिकेचे आहे. ऑस्ट्रेलियात २०१२ पासून प्रोस्टेटच्या रुग्णांसाठी खास परिचारिका नेमल्या जात आहेत. त्या नवरा-बायको दोघांनाही सल्ला देतात. एवढे लांब जायला नको. पुण्यात वारज्याला सिप्लाचे उपशामक सेवा केंद्र १९९७ पासून कर्करोगाच्या रुग्णांची विनामूल्य सेवा करते आणि घरच्या माणसालाही ती शिकवते.

घरी काय पाहावे

लघवीची नळी बसवली असेल तर साबणाने हात धुवूनच तिला हात लावावा. पिशवी कमरेच्या खाली ठेवावी, पण जमिनीला टेकू देऊ नये. नळी तुंबली, ताप आला किंवा रक्ताच्या गाठी पडल्या तर लगेच दवाखाना गाठावा. पाठीत नवी, वाढत जाणारी कळ, पायांतली ताकद जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे ही मणक्यावर दाब आल्याची खूण असू शकते. त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात न्या, उद्यावर ढकलू नका. दुखणे सोसत बसण्यात मर्दुमकी नाही. त्यावर औषध आहे, डॉक्टरकडे मागा.

गावाने काय करावे

आशाताई तिशीवरच्यांची जी कर्करोग तपासणी करून घेतात, ती तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाची. प्रोस्टेट त्यात नाही, त्यामुळे असे रुग्ण गावाच्या नजरेतून सुटतात. सरसकट सगळ्यांची तपासणी करा, असे म्हणणे नाही. पण निदान झालेल्यांकडे तरी उपकेंद्राच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने महिन्याला एक फेरी मारावी, रुग्णाशी आणि घरच्या बाईशी बोलावे. गाव त्याचे नाव चघळणार नाही, ही जबाबदारी सरपंचांची. इंजेक्शनच्या तारखेला पिंपरीला जायला गाडी मिळेल, हे ग्रामपंचायतीने पाहावे. आणि रुग्णालयांनी घरी सोडताना कागदावर एका सिस्टरचे नाव आणि फोन लिहून द्यावा, अशी मागणी ग्रामसभेच्या ठरावाने करता येते. नवी इमारत लागत नाही, नवी योजनाही लागत नाही. आहे त्या माणसांना काम वाटून द्यायचे आहे.